रोहिणी आणि कोलेस्टेरॉल

पर्वत पाटियात राहणाऱ्या आपणांस चंदी पडव्याची तुपाळ घारी परकी नाही, आणि खानदेशी शेवभाजी तर घरचीच! सणाला ती जरूर खावी. परंतु रोजच्या तुपा-तळणाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. त्याचा एल.डी.एल. हा प्रकार हृदयाच्या रोहिणींच्या अस्तरात साचून मार्ग अरुंद करतो. वर्षानुवर्षे दुखत-खुपत काहीच नाही. थर फुटून रक्ताची गुठळी झाली, की झटका येतो.

म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. अठराव्या वर्षीच प्रथम रक्त तपासावे, असे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली सुचविले आहे. तंबाखू सोडावी, रोज अर्धा तास भरभर चालावे, डाळी-भाज्या वाढवाव्यात. डॉक्टरांची गोळी मनाने बंद करू नये. कर्त्या माणसाचे आरोग्य हीच कुटुंबाची खरी ठेव होय.