पानाची न दिसणारी छत्री

वैशाखाच्या उन्हात आपण डोक्यावर पदर घेतो, टॉवेल गुंडाळतो, सावली गाठतो. झाडाच्या पानाला ती सोय नाही. उन्हात उजेडाबरोबर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही येतात. पेशीतील डी. एन. ए. म्हणजे आनुवंशिक मजकुराची साखळी. हे किरण तिच्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून टाकतात. मग पेशीला तो मजकूर नीट वाचता येत नाही.

माणसाच्या कातडीत यावर मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असते. (सावळ्या रंगाला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, असे आम्हाला वाटते.) पण पानाने असा काळा पडदा ओढून घेतला तर ते उपाशी मरेल, कारण अन्न तयार करायला त्याला उजेड हवाच. म्हणून पानाच्या वरच्या पातळ थरातील पेशींत फ्लेव्होनॉइड वर्गातील पदार्थ साठवलेले असतात. ते अतिनील किरण अडवतात आणि कामाचा उजेड आत जाऊ देतात. आमच्या गृहिणींच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे कांदा. त्याच्या टरफलातील पिवळसर क्वेर्सेटिन याच वर्गातले. बाहेरच्या पापुद्र्यांत ते जास्त, गाभ्यात कमी.

ही छत्री पान गरजेप्रमाणे उघडते. मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या रोपात यू. व्ही. आर. ८ नावाचे प्रथिन अतिनील किरण ओळखते, असे २०११ साली दाखवून देण्यात आले. एरवी त्याचे दोन रेणू जोडीने असतात. किरण पडताच जोडी सुटते आणि संरक्षक पदार्थ वाढवण्याचा निरोप पेशीत जातो. काचेआड वाढलेल्या रोपाला हा निरोप फारसा मिळतच नाही. म्हणून खिडकीत वाढवलेली मिरची-टोमॅटोची रोपे एकदम भर उन्हात ठेवू नयेत. आठ-दहा दिवस कोवळे ऊन थोडे थोडे वाढवत द्यावे.

एवढे करूनही काही किरण आत शिरतातच. तेव्हा फोटोलायेज नावाचे विकर सूर्यप्रकाशातील निळ्या उजेडाच्याच बळावर चिकटलेल्या कड्या सोडवते. माणसाच्या शरीरात हे विकर नाही. आपली पेशी बिघडलेला तुकडा कापून काढते व तिथे नवा भरते. या दोन्ही दुरुस्त्यांचा उलगडा करणारे अझीझ सांजार तुर्कस्तानातले. आईवडील अशिक्षित, पण मुलांच्या शिक्षणावर त्यांचा सारा जोर. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सांजार यांना इतर दोघांसह मिळाले.