घराची फरशी : डोळ्यांसाठी की पायांसाठी?

आपल्यासारख्या कष्टकरी माणसाच्या आयुष्यात घर एकदाच बांधून होते. पाया, भिंती, स्लॅब इथपर्यंत येता येता भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे संपतात. फरशीची पाळी येते तेव्हा खिशात थोडे उरलेले असते आणि मनात घाई फार असते. मग माणूस दुकानात जातो, दिव्याच्या उजेडात चकाकणारी टाईल पाहतो आणि ‘हीच द्या’ म्हणून मोकळा होतो.

आम्हीही २०१५ साली हेच केले. नागपूरच्या वस्तीतले आमचे घर दोन खोल्यांचे. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. पाहुणे येणार, चार माणसांत घर चांगले दिसले पाहिजे, म्हणून पुढच्या खोलीत आम्ही पांढरीशुभ्र, आरशासारखी टाईल बसवली. आई म्हणाली होती, ‘बाबू, यावर माझा पाय ठरंल का?’ आम्ही हसून सोडून दिले. पाहुण्यांनी फरशीचे कौतुक केले. आमची छाती फुगली.

२०२१ च्या पावसाळ्यात दारातून आलेल्या पाण्याच्या चार थेंबांवर आईचा पाय घसरला. मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते. त्या दिवसांत पत्नीने एकदा सरळच विचारले, ‘फरशी पाहुण्यांसाठी घेतली होती की घरच्यांसाठी?’ या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या वर्षी मागच्या खोलीची फरशी करायची वेळ आली तेव्हा आम्ही हाच प्रश्न पुढे ठेवून सुरुवात केली.

आपले जगणे जमिनीवरचे

ज्यांच्या घरी सोफा, पलंग, जेवणाचे टेबल आहे, त्यांची फरशी फक्त चालण्यापुरती असते. आपल्याकडे तसे नाही. आपण जमिनीवर बसून जेवतो, पोरे जमिनीवर वह्या पसरून अभ्यास करतात, म्हातारी माणसे दुपारी तिथेच आडवी होतात, रात्री अंथरुणे तिथेच पडतात. आपल्या घरात फरशी हीच खुर्ची, हेच टेबल आणि हाच पलंग. म्हणून तिचा गुण आधी अंगाला कळतो, मग डोळ्याला.

जमिनीवर बसणारा आणखी एक समाज आहे, कोरियाचा. तिकडे हाडे गोठवणारी थंडी. त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी युक्ती काढली. चुलीचा धूर आणि गरम हवा जमिनीखालच्या बोगद्यांतून फिरवायची आणि मग धुराड्यातून बाहेर सोडायची. वर दगडाच्या फरश्या, त्यावर मातीचा लेप आणि सगळ्यांत वर तेल पाजलेला कागद. या पद्धतीला ‘ओंडोल’ म्हणतात. आता चुलीऐवजी जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरते. अशी व्यवस्था इतर थंड देशांतही आहे आणि तिथली कुटुंबे फरशी निवडताना एक गोष्ट पाहतात : खालची ऊब वर येऊ देणारी फरशी कोणती? दगड आणि टाईल ऊब लवकर वर आणतात, जाड गालिचा ती अडवून धरतो, आणि लाकूड जास्त तापले तर फाकते.

हाच गुण आपल्याकडे उलट्या कामी येतो. दगड पायातली उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तळमजल्याची दगडी फरशी म्हणजे गरिबाचा कूलर. मात्र डिसेंबरात तीच फरशी म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही. त्याला उपाय गोधडीचा. जाड गोधडी किंवा सतरंजी अंथरली की उष्णता अडते. थोडक्यात, फरशी उन्हाळ्यासाठी घ्यावी आणि हिवाळ्यासाठी अंथरूण ठेवावे.

कोणती फरशी कशी?

शहाबादी : कर्नाटकातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड. खडबडीत, मजबूत, पाय न घसरणारा. अंगण, ओसरी, धुणे-भांड्याची जागा यांना याच्यासारखा दगड नाही. खोलीत मात्र सांध्यांत धूळ बसते आणि पुसताना बाईमाणसाचे मनगट भरून येते.

कोटा : राजस्थानातल्या कोट्याकडचा, हिरवट-निळसर. हाही चुनखडीचाच. बसवल्यावर मशीनने घोटावा लागतो. दहा-पंधरा वर्षांनी मळकट झाला तर पुन्हा घोटता येतो, हा त्याचा मोठा गुण. टाईलची झिलई एकदा गेली की गेली.

या दोन्ही दगडांचा शत्रू म्हणजे आंबट. लिंबू, चिंच सांडून राहिली तरी डाग पडतो. संडास धुण्याचे ॲसिड यावर कधीही टाकू नये, दगड खाल्ला जातो. साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने पुसावे.

टाईल : झिलईची साधी सिरॅमिक टाईल आणि व्हिट्रिफाईड टाईल यांत फरक आहे. व्हिट्रिफाईड जास्त तापमानात भाजलेली, घट्ट, जवळपास पाणी न पिणारी. पुसायला दोन्ही सोप्या. घ्यायची तर चकाकी नसलेली, खरबरीत घ्यावी. दुकानात नमुन्यावर थोडे पाणी टाकून अंगठा घासून पाहावा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावे.

कोबा : पैसे अगदीच नसतील तर सिमेंटचा चांगला घोटलेला कोबा. त्यात कमीपणा कसला? सात-आठ दिवस पाणी मारून तो मुरू द्यावा, नाहीतर भेगा पडतात. पुढे ऐपत आली की त्यावर फरशी बसवता येते.

फरशीच्या खाली काय आहे?

विदर्भात काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट फरशी बसवली तर कितीही महागाची असो, दोन पावसाळ्यांत उचलते, नाहीतर खचते. म्हणून आधी काळी माती काढून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुम्मस करावी, त्यावर गिट्टीचे सोलिंग आणि काँक्रीटचा थर द्यावा, मग फरशी. हे काम पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून लोक इथेच पैसे वाचवतात आणि इथेच फसतात.

टाईल बसवून झाल्यावर काठीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर खाली मसाला पोचलेला नाही; वर जड वस्तू पडली की ती फुटणार. मिस्त्री गावाला जायच्या आत हे पाहून घ्यावे.

थोडा कारकुनी हिशेब

आमचे आयुष्य कारकुनीत गेले, म्हणून हिशेब सांगतो. खोली १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. भिंतीच्या कडेची चार इंची पट्टी, दार वगळून ४१ फूट, म्हणजे सुमारे १४ चौरस फूट. एकूण १३४. कापण्यात आणि तुटण्यात जाणारे दहा टक्के धरून १४७. दोन बाय दोनच्या चार टाईलच्या पेटीत १६ चौरस फूट बसतात, म्हणजे दहा पेट्या. सगळ्या एकदमच घ्याव्यात, मागाहून आणलेल्या पेटीचा रंग जुळत नाही.

आणि दुकानातला भाव म्हणजे फरशीचा खर्च नव्हे. वाहतूक, रेती, सिमेंट, बसवण्याची मजुरी, घोटाई हे सारे कागदावर मांडून मगच दोन फरश्यांची तुलना करावी.

आणखी एक सांगणे. फरशी कापताना उडणारी धूळ कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाते. दगडातल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थानात खाणींतल्या व दगडकामातल्या कामगारांचे एवढे हाल झाले की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळे धोरण आणावे लागले. मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या आपल्यासारखेच हातावर पोट असलेले. कटरवर पाण्याची धार ठेवायला लावा, तोंडाला मास्क आणून द्या, कापणे घराबाहेर करा. खर्च फारसा नाही.

आम्ही काय केले?

मागच्या खोलीत कोटा बसवला, पण घोटाई मध्येच थांबवली. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, आरसा करून देतो.’ आम्ही म्हटले, ‘आरसा भिंतीला आहे.’ फार घोटलेला कोटाही ओला झाला की घसरतोच. न्हाणीजवळ खडबडीत शहाबादी टाकली, पाण्याचा उतार नालीकडे दिला. पुढच्या खोलीची पांढरी टाईल काढायला पैसे नाहीत. तिथे दाराशी जाड पायपुसणे टाकले आणि आईच्या वाटेवर भिंतीला धरायची दांडी ठोकली.

नवी खोली झाली त्या दिवशी आई अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेली. काही बोलली नाही. संध्याकाळी तिने आपली गोधडी पुढच्या खोलीतून उचलली आणि मागे नेऊन अंथरली. फरशी घेताना, बंधू-भगिनींनो, घरातल्या सगळ्यांत थकलेल्या पायांना आधी विचारा. आम्ही विचारले, पण सहा वर्षे उशिरा.