घर विकत मिळते, गाव मिळवावे लागते

मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी हातकणंगले आणि रुकडी ही स्थानके मागे टाकते, तालुक्याची शीव ओलांडते आणि वळिवडे येते. लग्नसराईत जवळच्या गांधीनगरच्या कापडपेठेत बस्ता बांधायला जाणाऱ्या कुटुंबांची या बाजूला मोठी वर्दळ असते. ज्या भूमीवर ही पेठ उभी आहे, तेथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधील सुमारे पाच हजार माणसांची वसाहत नांदत होती, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. परक्या मुलखात, परक्या भाषेच्या खेड्याशेजारी संसार थाटणे म्हणजे काय, याचा जिल्ह्याच्या इतिहासातील हा विलक्षण पाठ आहे.

ही माणसे हौसेने आलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि १९४० व १९४१ या वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यानंतर, जुलै १९४१ च्या करारान्वये त्यांची सुटका झाली. सेनापती आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये त्यांतील हजारो लोक इराणात पोहोचले. पुरुष पुढे युद्धावर गेले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना ठिकठिकाणी आश्रय शोधावा लागला. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोरक्या मुलांना जवळ केले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. मात्र हिंदुस्थानातील पोलिश निर्वासितांची सर्वांत मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला.

लांबच लांब चाळी, त्यांत कुटुंबागणिक खोल्या आणि पुढे ओसरी अशी त्या वसाहतीची रचना होती. शाळा, प्रार्थनामंदिर, इस्पितळ, बालवीर पथके, नाटकाची हौस भागविणारा रंगमंच असे सर्व काही हळूहळू उभे राहिले. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकार वाहत असे. तथापि, सरकार पैसे पाठवू शकते, शेजार पाठवू शकत नाही. तो वळिवड्याच्या परिसरातच जोडावा लागला. सैबेरियाच्या हिमातून आलेल्या स्त्रियांना येथील वैशाखाचे ऊन आणि आषाढाची झड यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. भाजीपाला, दूध, अंडी घेऊन येणारा विक्रेता हाच त्यांचा मराठीचा पहिला शिक्षक. आणि त्या विक्रेत्यांनीही व्यवहारापुरती पोलिश उचलली. कोणाचीही जमीन त्यांच्या नावे झाली नाही, एकही खरेदीखत लिहिले गेले नाही. असे असूनही, या ठिकाणी वाढलेल्या मुलांनी उतारवयात वळिवड्याचा उल्लेख बालपणीचे घर म्हणून केला.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांतून ही माणसे हद्दपार झाली होती, त्यांतील बहुतेक गावे युद्धोत्तर सीमाबदलात सोव्हिएत संघराज्यात गेली. परत जायचे तर कोठे, हा प्रश्नच उरला. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही जण पोलंडला गेले. इतर अनेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. काहींच्या कबरी कोल्हापुरात राहिल्या, आणि एक तरुणी येथील घराची सून होऊन येथेच राहिली. पांगलेल्यांनी पुढे लंडनमध्ये आपली संघटना उभारली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापाशी पुष्पचक्र अर्पण केले. पंचगंगाकाठच्या पाच वर्षांच्या शेजाराची आठवण पाऊणशे वर्षांनंतरही पोलंडच्या राजधानीत जपली जाते, हे लहानसहान नव्हे.

आता याच्या अगदी उलट टोकाचा दाखला पाहावा. युरोपातच, बल्गेरियात, आज परदेशी माणसे खेड्यांतील घरे विकत घेऊन राहावयास जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख भरली. तरुण शहरांत व परदेशी गेले, खेडी म्हाताऱ्यांची झाली आणि कित्येक घरांना कुलपे लागली. २००७ मध्ये हा देश युरोपीय संघात सामील झाला. त्याच्या आगेमागे निवृत्तिवेतनावर स्वस्तात राहू इच्छिणाऱ्या ब्रिटिशांनी वेलिको तर्नोवो, याम्बोल या भागांतील घरे घेतली. त्यांच्या हाती खरेदीखत असते, अंगण असते, द्राक्षाचा मांडव असतो. परंतु गावात पाय ठेवताच पंचाईत सुरू होते. तेथे होकारासाठी मान आडवी हलवितात आणि नकारासाठी ती खाली-वर होते! लिपी निराळी, भाषा निराळी. हिवाळ्यासाठी सरपण कधी भरून ठेवायचे, हेदेखील शेजारच्या आजीलाच विचारावे लागते. जो विचारतो तो रुळतो. जो आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात राहतो, त्याच्या घराला दार असते, शेजार नसतो.

आपल्याकडे परदेशी माणसाला अशी वाट मोकळी नाही. परकीय चलनविषयक कायद्यान्वये परदेशात राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीयाला येथे स्थावर मिळकत सहसा घेता येत नाही, आणि परदेशस्थ भारतीयालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. इतकेच कशाला, १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही, त्या महाराष्ट्रातील कारकुनाला वा शिक्षकालाही अनुमतीवाचून शेतजमीन घेता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र जमिनीभोवती घातलेले कुंपण माणसांभोवतीही घालण्याचा मोह होतो, तेथे विचार करणे भाग पडते.

कारण हातकणंगले तालुक्याच्या दारात उपऱ्याचा प्रश्न आजही उभा आहे. फक्त त्याचा वर्ण गोरा नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे ते गाव वस्त्रनगरी झाले. त्या मागांवर आज उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, तेलंगणा येथून आलेले हात राबतात. उसाच्या हंगामात मराठवाड्यातील तोडणी कामगारांच्या खोपी फडाकडेला उभ्या राहतात. त्यांच्यापाशी खरेदीखत नाही आणि खर्च भागविणारे परागंदा सरकारही नाही. वळिवड्याच्या पोलिशांचे आतिथ्य गौरवास्पद खरे. पण ते सोपेही होते, हे मान्य केले पाहिजे. ते वेगळ्या वसाहतीत राहिले, रोख पैसे देऊन खरेदी करीत आणि पाच वर्षांत निघून गेले. भाड्याच्या एका खोलीत सहा जण राहणारा, आपल्या मुलाला आपल्याच शाळेत घालणारा आणि परत न जाणारा माणूस हीच आतिथ्याची खरी कसोटी होय.

ती कसोटी या भूमीने एकदा पार केलेली आहे, हे विसरता कामा नये. पोलिश गेले त्याच चाळींत फाळणीने घरदार हिरावलेली सिंधी कुटुंबे आली. त्यांनाही परतीची वाट नव्हती. गाठोडे पाठीवर घेऊन, फिरून कापड विकण्यापासून अनेकांनी आरंभ केला. आज त्यांची पेठ दूरदूरच्या गिऱ्हाइकांना ओढते, आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार कोल्हापुरी ठसक्यात मराठी बोलतो. हा बदल कोणत्याही कायद्याने घडविला नाही. उधारी देणारा, शब्द शिकविणारा, अडीअडचणीला दार उघडणारा शेजार त्यामागे होता.

घर ग्रामपंचायतीच्या दप्तरी नमुना आठवर नोंदले की कागदाचे काम संपते. गावाची नोंदवही निराळी असते. तीत नाव चढविण्याचे काम वर्गातील परप्रांतीय मुलाला पहिल्या बाकावर बसविणारा शिक्षक करतो आणि अर्ज घेऊन आलेल्या मजुराला दुसऱ्यांदा हेलपाटा न घालणारा कारकून करतो. पंचगंगेच्या काठाने एकदा पाच हजार अनोळखी माणसांची नावे त्या वहीत लिहिली. तिची उरलेली पाने कोरी ठेवायची की कसे, हे आजच्या पिढीने ठरवावयाचे आहे.