घरातील यंत्रे, लेखांक सातवा : ड्रायर अडतो तेव्हा

आषाढ-श्रावणात मुंबईतील आणि कोकणपट्टीतील घरांत कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या पडवीतून माजघरापर्यंत येऊन पोहोचतात. अशा दिवसांत अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राचा ड्रायर एकाएकी अडला, तर शाळेचे गणवेश, कामावरचे कपडे आणि तान्ह्या मुलाची दुपटी हे सारेच ओले राहिलेल्या घराची जी कुचंबणा होते, तिचे वर्णन करण्याची गरज नाही. अशा घाईच्या वेळी यंत्राच्या भवितव्याचा फैसला बहुधा चौकशीवाचूनच होतो. कारण पाऊस थांबत नाही, मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस येत नाही, आणि दुकानदार मात्र हप्त्यांची सोय घेऊन तयार असतो. मागील लेखांकात धुण्याच्या बाजूचा विचार झाला. आज ड्रायरचा करावयाचा आहे, आणि माझे निश्चित मत असे की अडलेल्या दहा ड्रायरांपैकी बहुतेक थोड्या खर्चात चालू होण्याजोगे असतात, व जे खरोखरच निकालात निघतात त्यांचा घात बहुतेक वेळा विजेने नव्हे, पाण्याने केलेला असतो.

हे समजण्यासाठी यंत्राची रचना थोडी न्याहाळली पाहिजे. या ड्रायरमध्ये उष्णता नसते. भोके असलेला एक ड्रम बाहेरच्या टाकीत उभा असतो आणि त्याचा दांडा खाली मोटरीच्या दांड्याला कपलिंगने थेट जोडलेला असतो. धुण्याच्या बाजूला पट्टा असतो, इकडे तो नसतो. आपल्याकडील 50 हर्ट्‌झच्या विजेवर ही मोटर मिनिटाला 1300 ते 1400 फेरे घेते. एवढ्या वेगात वीतभर रुंदीच्या ड्रमच्या कडेला असलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या 200 पटींच्या आसपास केंद्रोत्सारी ओढ पडते, आणि तंतूंत मुरलेले पाणी भोकांवाटे बाहेरच्या टाकीत फेकले जाऊन नळीने मोरीत जाते. मोटर तीन स्प्रिंगांवर तोललेली असते, आणि जेथे ड्रमचा दांडा टाकीच्या तळातून खाली उतरतो तेथे पाणी थोपवण्यासाठी रबराचे एक सील बसवलेले असते. हे सील ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ड्रायर मुळीच आवाज करीत नसेल, तर तपास बाहेरून आत न्यावा. त्याच प्लगमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून विजेची खातरजमा करावी; मग धुण्याची बाजू चालते का ते पाहावे. ती चालत असेल तर कसूर ड्रायरच्या टायमरमध्ये, झाकणाखालच्या स्विचमध्ये किंवा वायरींत असण्याचा संभव अधिक. झाकण उघडताच मोटरीचा प्रवाह तोडणारा हा स्विच सुरक्षेसाठी असतो. त्याची पाती गंजली वा वाकली म्हणजे झाकण मिटलेले असूनही यंत्र ते उघडेच समजते. असा स्विच बाजूला सारून वायर थेट जोडून देणारे मेकॅनिक आढळतात, त्यांना साफ नकार द्यावा. मिनिटाला तेराशे फेरे घेणाऱ्या ड्रममध्ये मुलाचा हात जाऊ नये म्हणूनच त्याची योजना झालेली आहे. वायरींच्या बाबतीत पहिला संशय उंदरांवर घ्यावा. तळमजल्यावरील आणि बैठ्या घरांत उंदीर यंत्राच्या उघड्या तळातून आत शिरतात, वायरींचे आवरण व पाण्याची नळी कुरतडतात. तेव्हा वायर जोडून घेतानाच तळाला लोखंडी जाळी बसवून घ्यावी, नाहीतर महिन्याभरात तोच खर्च पुन्हा पदरी येतो.

सर्वांत अधिक गैरसमज होतो तो ड्रायर घुमतो पण फिरत नाही तेव्हा. ‘मोटर जळली’ हा शेरा येथे फार लवकर मारला जातो. वास्तविक घुमणारी मोटर अद्याप जिवंत असते. तिला वीज मिळते आहे, परंतु तिला कोणीतरी धरून ठेवले आहे, अथवा फिरण्यास आरंभ करण्यासाठी लागणारा रेटा तिला मिळत नाही. अशा स्थितीत टायमर पुन्हा पुन्हा फिरवून पाहणे हेच घातक, कारण अडून राहिलेल्या मोटरीचे वाइंडिंग काही मिनिटांतच तापून खरोखर जळू शकते. प्रथम प्लग काढावा, झाकण उघडून ड्रम आणि बाहेरची टाकी यांमधल्या फटीत विजेरीचा प्रकाश टाकावा. कपड्यांवर दाबून बसवावयाची प्लॅस्टिकची जाळी न ठेवता ड्रायर चालवला, म्हणजे हातरुमाल किंवा मोजा वर उसळून या फटीत ओढला जातो आणि तळाशी दांड्याला गुंडाळून बसतो. शेजारच्या एका घरी मोटर बदलण्याचा बेत ठरला असताना, वाकवलेल्या जाड तारेच्या आकड्याने तेथून बाळाचे एक टोपडे निघाले आणि यंत्र पूर्ववत चालू झाले.

फटीत काही नसेल तर मागचे आवरण उघडून, वरचे झाकण मात्र मिटलेलेच ठेवून, कपलिंग हाताने फिरवून पाहावे. प्लग काढलेला आहे याची पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी, आणि कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नये, कारण वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो. झाकण मिटलेले ठेवावयाचे ते ब्रेकसाठी. झाकणापासून एक तार खाली ब्रेकपर्यंत जाते. झाकण मिटले की ती ताणली जाऊन ब्रेकचा गुटका कपलिंगपासून दूर होतो, आणि झाकण उघडले की ती सैल पडून स्प्रिंगच्या जोराने गुटका कपलिंगवर दाबला जातो व ड्रम काही क्षणांत थांबतो. ही तार तुटली अथवा ढिली झाली, की ब्रेक कायमचा लागलेला राहतो. मग मोटर घुमते, ड्रम जडपणे फिरतो किंवा फिरतच नाही, आणि रबर जळल्याचा वास येतो. झाकण मिटलेले असतानाही कपलिंग हाताला जड लागले, तर दोष ब्रेकचा, नाहीतर दांडा ज्यात फिरतो त्या, धरलेल्या बुशचा. ते सहज फिरले तर दोष कपॅसिटरचा असण्याचा संभव सर्वाधिक, कारण मोटरीला सुरुवातीचा रेटा देणे हे त्याचेच काम. कपॅसिटर शे-दोनशे रुपयांचा असतो. बदलताना मायक्रोफॅरडचा जुन्यावर छापलेला आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा कमी नसावा. अनेक यंत्रांत धुण्याच्या आणि ड्रायरच्या मोटरींना मिळून तीन वायरींचा एकच कपॅसिटर असतो, म्हणून जुना नग दुकानात घेऊन जाणे इष्ट. तोही ठीक निघाला तर संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हाच यंत्र अडते काय, हे पाहावे.

ड्रायर थडथडत असेल तर कपडे एका बाजूस गोळा झाले आहेत किंवा मोटरीखालची एखादी स्प्रिंग सुटली आहे. यात फारसे काही नाही.

आता त्या सीलकडे येऊ. ड्रायरच्या बाजूला खाली थेंब थेंब पाणी साचू लागणे आणि फिरताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येणे या दोन खुणा एकत्र दिसल्या, की रबर झिजले असे समजावे. यंत्र चालते आहे म्हणून पुष्कळ घरी या पाण्यावर फडके टाकून महिनेच्या महिने काढले जातात, आणि मला सर्वाधिक वाईट वाटते ते याचेच. साबण आणि क्षार यांनी युक्त असे ते पाणी दांड्यावरून प्रथम बुशात उतरते. बुश गंजतो, दांडा डोलू लागतो, डोलणारा दांडा सील आणखी फाडतो, आणि पाण्याची धार सरळ मोटरीवर पडू लागते. आरंभी सील बदलून मिटणारा मामला शेवटी जळलेल्या मोटरीवर येऊन ठेपतो. शिवाय ओल्या मोरीत, अर्थिंग नसलेल्या प्लगवर, पाणी लागलेली मोटर चालवणे म्हणजे जिवाला धोका आहे. यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी वापर थांबवावा.

मोटर खरोखरच जळली असेल, तेव्हा ठेवावे की टाकावे हा प्रश्न प्रामाणिकपणे उभा राहतो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापर्यंत गेला तर नवे घ्यावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. या यंत्राला तो तसाच लावणे मला रास्त वाटत नाही. येथे पैशाआधी प्लॅस्टिक तपासावे. बाहेरच्या टाकीला तडा गेला असेल, किंवा मोटर ज्यावर तोललेली आहे तो तळ चिरला असेल, अथवा पत्र्याचे अंग खाऱ्या हवेने खालून खाल्ले असेल, तर नवी मोटरही तेथे फार दिवस टिकणार नाही; टाकीचा तडा सांधला तरी हादऱ्याने पुन्हा उघडतो. उलट टाकी आणि तळ शाबूत असतील, तर आठ-नऊ वर्षांच्या यंत्रातही नवी मोटर आणि तिच्याबरोबर नवे सील, नवा बुश घालणे मी योग्यच मानीन, कारण सील न बदलता बसवलेली मोटर पुन्हा पाण्याखालीच जाते. जुनी मोटर रिवाइंड करून घ्यावयाची असल्यास तांब्याच्या तारेची अट आधी घालावी; स्वस्त मोटरींत ॲल्युमिनियमची तार असते. मोटरीवर मूळ हमीपेक्षा अधिक वर्षांची हमी पुष्कळ उत्पादक देतात, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी जुनी पावती शोधावी. सुट्या भागांची व हमीची माहिती ग्राहकाला मिळावी यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे, त्याचाही उपयोग करावा. मेकॅनिककडून बदललेला जुना भाग न चुकता मागून घ्यावा.

यंत्र टाकावयाचेच ठरले, तर 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांखाली धुलाईयंत्रेही येतात, व त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवे घेताना जुने परत घेण्याची तजवीज दुकानदाराला विचारावी. मात्र धुण्याची बाजू चालू असेल, तर तिची मोटर, टायमर आणि झाकण या वस्तू ओळखीच्या मेकॅनिकला दाखवाव्यात. त्याच प्रकारचे यंत्र अडून बसलेले एखादे घर त्याच्या माहितीत बहुधा असते.

तापलेल्या हवेने कपडे वाळवणारा ड्रायर आणि त्यात साठणाऱ्या तंतूंमुळे लागणारी आग, हा विषय पुढील लेखांकात.