कार्ड ओळखले म्हणजे काम झाले असे नाही

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे जुना संगणक असलेल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे प्रश्न आहे, नवा घ्यावा की त्याच्यावरच फुकट मिळणारे लिनक्स बसवावे? बसवायला हरकत नाही. मात्र पडद्यावर चित्र कशाच्या जोरावर उमटते, हे आधी समजून घ्यावे.

१९९० च्या दशकात लिनक्सवर चित्र आणण्यासाठी एक्सफ्री८६ या प्रणालीची फाइल तयार करावी लागे. मॉनिटरचे आकडे त्यात स्वतः भरावे लागत. आकडा चुकला तर मॉनिटर बिघडण्याचीही भीती असे. आता ओळखीचे काम संगणकच करतो. प्रत्येक ग्राफिक्स कार्डात कंपनीचा व मॉडेलचा क्रमांक असतो. इंटेलचा ८०८६, एएमडीचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो क्रमांक वाचतो आणि त्यावरून जुळणारा ड्रायव्हर चढवला जातो. मॉनिटरही आपले माप ईडीआयडी नावाच्या नोंदीतून कळवतो.

पण गाठीवरचा शिक्का वाचून माल कोणाचा ते कळते. आत तागे पुरे आहेत की नाहीत, ते गाठ सोडल्यावरच दिसते. इथेही तसेच आहे. कर्नलमधला ड्रायव्हर, कार्डात भरायचे फर्मवेअर, चित्र रेखाटणारे मेसा आणि त्यावरचे एक्स किंवा वेलँड, अशी ही साखळी आहे. एक कडी नसली किंवा जुळली नाही, तर पडदा काळा राहतो किंवा चित्र रखडते.

इंटेल व एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, म्हणून त्रास कमी. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो. कर्नल बदलला की त्याचा कर्नलशी जोडणारा भाग नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो. हे काम सहसा डीकेएमएस आपोआप करते, पण कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर ते अडते. शिवाय जुन्या कार्डांना कंपनी नवे ड्रायव्हर देत नाही. फर्मी पिढीच्या कार्डांसाठी ३९० ही शेवटची मालिका. तिची देखभाल २०२२ अखेर संपली.

म्हणून आम्ही सुचवतो:

१. जुना संगणक विकत घेण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा, आणि तेही आपलाच मॉनिटर लावून.

२. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा देऊन कार्डाला कोणता ड्रायव्हर लागला ते वाचा. संगणकाच्या माहितीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' दिसले, तर कार्ड रिकामे बसले आहे आणि त्याचा बोजा प्रोसेसर वाहतो आहे, असे समजा.

३. ईदच्या किंवा लग्नसराईच्या ऐन हंगामात कर्नल बदलू नका. जुना कर्नल काढूनही टाकू नका. नवा अडला तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता येतो.

कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणता आणि त्याची देखभाल चालू आहे का, या तीन गोष्टींची खातरजमा झाल्यावरच भाव ठरवा. सॉफ्टवेअर फुकट असले तरी बंद पडलेल्या दिवसाचा धंदा फुकट नसतो.