चाकं टेकल्यानंतर

गेल्या लेखांकात विमान आडव्या वाऱ्यातून धावपट्टीपर्यंत आलं होतं. चाकं टेकली की प्रवासी हुश्श करतात. पण तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली असेल, तर वैमानिकाची खरी परीक्षा तिथून पुढे असते. सरळ धावणारं विमान किंचित वळतं, वळण आवळत जातं आणि बघता बघता ते भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरतं. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. वैमानिक याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

असं का होतं, हे उसाच्या ट्रॉलीवरून चटकन कळतं. ट्रॅक्टर पुढे जात असेल तर ट्रॉली मुकाट मागे येते. तीच रिव्हर्स घ्यायला जा. जरा तिरकी झाली की तिरकीच होत जाते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात, म्हणून वजन पुढून ओढतं आणि चाकं मागोमाग येतात. शेपटीचाकी विमानात मुख्य चाकं पुढे आणि वजन मागे. नाक जरा वळलं, तरी वजनाला सरळच जायचं असतं. ते चाकांना ओलांडून पुढे जाऊ पाहतं. एका मर्यादेपलीकडे मग वैमानिकाच्या हाती काही उरत नाही.

त्यात वेगाची अडचण. शेपटीवरचा रडर, म्हणजे वैमानिक पायांनी फिरवतो ते सुकाणू, हवेच्या झोतावर काम करतो. वेग उतरला की ते दुबळं होतं, नेमकी गरज असते तेव्हा.

पिवळं ‘पायपर कब’ घ्या. ६५ अश्वशक्तीचं, दोन आसनांचं विमान. एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो. तिन्ही चाकं टेकली की नाक वर असतं आणि समोरचं फारसं दिसत नाही. तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी धावपट्टीच्या कडा पाहत राहतो. डावीकडून झुळूक आली, शेपटी ढकलली गेली, नाक डावीकडे सरकलं. उजव्या पायाने छोटासा दाब, आणि नाक थांबताच लगेच पाय सैल. उशीर झाला तर वळण वाढतं. घाबरून पाय दाबूनच धरला तर विमान दुसऱ्या बाजूला झेपावतं. ब्रेक करकचून मारले तर ते नाकावर उभं राहतं आणि पंखा मातीत घुसतो. गवताळ मैदान थोडी चूक पोटात घालतं, कारण तिथे टायर आडवे घसरू शकतात. डांबर त्यांना पकडून ठेवतं.

हा दोष नवशिक्यांपुरता नाही. २० मार्च १९३७ रोजी हवाईतल्या ल्यूक फील्डवर प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टचं इंधनाने जड झालेलं लॉकहीड इलेक्ट्रा उड्डाणासाठी धावताना भरकटलं, फिरलं आणि चाकं मोडून पोटावर घसरलं. विमानातले तिघेही बचावले. प्रसंग उड्डाणाचा असला, तरी गणित हेच होतं. विमान दुरुस्तीसाठी जहाजाने कॅलिफोर्नियाला परत न्यावं लागलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘मेसरश्मिट १०९’ची चाकं तर एकमेकांच्या फारच जवळ होती. कितीतरी तरुण वैमानिकांची विमानं शत्रूच्या गोळीने नव्हे, तर धावपट्टीवर मोडली.

आपल्याकडेही पायांचं हे शिक्षण अनेकांनी घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं ‘एचटी-२’ १९५१ साली उडालं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली होतं. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावरच गिरवले. फ्लाइंग क्लबांतलं ‘पुष्पक’ही त्याच जातीचं.

पुढे सेसना कंपनीने आपल्या ‘१७०’चं चाक नाकाखाली नेलं आणि १९५६ पासून ‘१७२’ विकायला सुरुवात केली. जगभर तेच रुळलं. पायांची सवय मात्र मोडली. अमेरिकेत एप्रिल १९९१ पासून शेपटीचाकी विमान चालवायला प्रशिक्षकाची वेगळी लेखी मंजुरी लागते. हा नियम खरं तर फार आधी यायला हवा होता, कारण नाकचाकी विमानावर शेकडो तास काढलेला माणूसही इथे पुन्हा नवशिकाच असतो.

तिन्ही चाकं एकदम टेकवावीत की आधी पुढची दोन, यावर या वैमानिकांत जुना वाद आहे. तो पुढच्या आठवड्यात.