बटणातला सेल तपासला का?

दादर-गिरगावात एकट्या राहणाऱ्या काही ज्येष्ठांच्या उशाशी आता वायरलेस बटण असते; दाबले की मुलांच्या मोबाइलवर सूचना जाते. त्यातल्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलचे व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहते आणि शेवटी झपाट्याने घसरते. म्हणून अॅपमधल्या टक्केवारीवर विसंबू नये. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे, सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवावी.

काढलेला सेलही निरुपद्रवी नसतो; अन्ननलिका भाजण्याइतकी वीज त्यात उरलेली असू शकते. तो चिकटपट्टीत गुंडाळून मुलांपासून दूर ठेवावा. नातवंडाने गिळल्याची शंका आली, तर उलटी करवू नये. २ तासांतही गंभीर इजा होते. परळच्या वाडिया किंवा केईएमसारख्या रुग्णालयात तातडीने न्यावे.